आमदारकीच्या उमेदवाराचं पत्रक तपासायचं कसं: अर्थसंकल्प, आरोग्य, पर्यावरण, शिक्षण

प्रश्न थोडक्यात असा आहे. विधानसभेला उभ्या असलेल्या एका उमेदवाराच्या पत्रकात चार वाक्यं आहेत: पाच वर्षांत तालुक्यासाठी ५०० कोटींचा निधी आणू, ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाचं १०० खाटांचं उपजिल्हा रुग्णालय करू, नदी प्रदूषणमुक्त करू, जिल्हा परिषदेची एकही शाळा बंद पडू देणार नाही. यातलं आमदाराच्या हातात खरोखर किती असतं आणि सभेत उमेदवाराला नेमकं काय विचारावं, असं प्रश्नकर्त्यांनी विचारलं आहे.

चारही वाक्यं सारख्याच वजनाची दिसतात, तशी ती नाहीत. आमदाराच्या कामाचे ढोबळ तीन भाग पडतात. काही कामं त्याच्या शिफारशीच्या पत्रावर होतात. काहींसाठी मंत्रालयात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात खेपा घालाव्या लागतात; चिकाटीनं पाठपुरावा केला तर ती होतातही. आणि काही ठिकाणी तो सभागृहात फक्त बोलू शकतो, कारण अधिकार केंद्राचा, नगरपरिषदेचा किंवा न्यायालयाचा असतो. पत्रकातलं प्रत्येक वाक्य आधी या तीनपैकी एका खणात टाका. मग दुसरा प्रश्न विचारा: इमारत उभी राहिल्यावर दर महिन्याचा पगार कोण देणार? बहुतेक आश्वासनांचं घोडं इथंच पेंड खातं, म्हणून पुढे चारही विषयांत मी या दोन प्रश्नांकडे परत परत येणार आहे.

आधी पैशाचं बघू. राज्याचा अर्थसंकल्प मांडतो अर्थमंत्री. प्रत्येक खात्याची अनुदानाची मागणी सभागृहापुढे येते ती राज्यपालांच्या शिफारशीनं, राज्यघटनेच्या अनुच्छेद २०३ प्रमाणे. विधानसभा ती मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू मात्र शकत नाही. म्हणजे एखादा आमदार उभा राहून 'आमच्या तालुक्यासाठी आणखी १० कोटी घाला' अशी दुरुस्ती मंजूर करून घेऊ शकत नाही. त्याच्याकडे कपात सूचना असते: धोरणच मान्य नसेल तर मागणी १ रुपयावर आणा, एखाद्या तक्रारीकडे लक्ष वेधायचं असेल तर १०० रुपयांनी कमी करा. या सूचना मंजूर व्हाव्यात म्हणून कोणी देत नाही. त्या निमित्तानं विषय बोलता येतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, एवढा त्यांचा उपयोग, आणि तो लहान नाही. मतदानाच्या वेळी पक्षाचा व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा आदेश, असतो. १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा असल्यानं व्हिपविरुद्ध मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते. म्हणून अर्थसंकल्पाबद्दल उमेदवाराचं वैयक्तिक मत ऐकून घ्या, पण त्याच्या पक्षाचा जाहीरनामा शेजारी ठेवून. दोन्हींत फरक असेल तर मतदानाच्या दिवशी पक्षाचंच चालेल.

मग 'निधी आणला' म्हणतात तो येतो कुठून? चार वाटा आहेत. पहिली आमदार स्थानिक विकास निधीची. महाराष्ट्रात २०२२ पासून तो वर्षाला ५ कोटी आहे, म्हणजे पूर्ण मुदतीत २५ कोटी. २०२४ च्या निवडणुकीत राज्यात सुमारे ९.७ कोटी मतदार होते आणि जागा २८८. सरासरी काढली तर एका मतदारसंघात ३.३७ लाख मतदार, आणि आमदार निधी दर मतदारामागे वर्षाला जेमतेम १४८ रुपये. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, शाळाखोली, हायमास्ट यांसाठी तो ठीक आहे. त्यातून पगार देता येत नाहीत.

दुसरी वाट जिल्हा वार्षिक योजनेची. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. आमदार तिथं बहुतेक ठिकाणी विशेष निमंत्रित असतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सर्वसाधारण जिल्हा वार्षिक योजनेसाठी २०,१६५ कोटी ठेवले होते. राज्यात ३५८ तालुके. सरळ भागाकार केला तर तालुक्याला वर्षाकाठी ५६ कोटी. प्रत्यक्षात वाटप असं सारखं होत नाही. लोकसंख्या, क्षेत्रफळ, मागासलेपण बघतात, आणि पालकमंत्र्यांचा शब्द चालतो. पण ५०० कोटींचं वाक्य तोलायला हा आकडा पुरतो. पाच वर्षांत ५०० म्हणजे वर्षाला १०० कोटी. जिल्हा योजनेतला सरासरी वाटा पूर्ण मिळाला आणि त्यात आमदार निधी मिळवला, तरी आकडा ६१ वर थांबतो. शिवाय जिल्हा योजनेचे ते ५६ कोटी आमदार नसला तरी बऱ्याच अंशी येणारच असतात. उरलेले ३९ कोटी दरवर्षी कोणत्या खात्यातून आणणार, हे उमेदवारानं सांगितलं पाहिजे.

तिसरी वाट खात्यांच्या राज्यस्तरीय कामांची: सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, ग्रामविकास, नगरविकास. इथं खरी ताकद लागते, आणि इथंच सर्वांत जास्त फसगत होते. काम अर्थसंकल्पात 'आलं' म्हणजे पैसे आले नव्हेत. समजा रस्त्याची प्रशासकीय मान्यता, म्हणजे एकूण खर्चाला मिळालेली कागदोपत्री मंजुरी, २० कोटींची आहे आणि यंदाची तरतूद ५० लाखांची. बॅनर २० कोटींचा लागतो. त्याच गतीनं तरतूद होत राहिली तर रस्त्याला ४० वर्षं लागतील. म्हणून कोणत्याही कामाचे तीन आकडे वेगवेगळे मागा: प्रशासकीय मान्यतेची रक्कम किती, चालू वर्षाची तरतूद किती, आणि त्यातून प्रत्यक्ष वितरित झालेले पैसे किती. तिसरा आकडा शासनाच्या बीम्स या संगणकीय प्रणालीत लेखाशीर्षनिहाय, म्हणजे खर्चाच्या सदरानुसार, दिसतो. मान्यता देऊन ठेवलेल्या पण पैसे न दिलेल्या कामांना दफ्तरी भाषेत दायित्व म्हणतात. दायित्व फुगलं की ठेकेदाराची देयकं अडकतात आणि काम अर्ध्यावर थांबतं. २०२५ मध्ये राज्यभर कंत्राटदारांच्या संघटनांनी आंदोलनं केली ती याच थकबाकीसाठी.

चौथी वाट पुरवणी मागण्यांची, म्हणजे अर्थसंकल्पानंतर वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा पैशांची. जून-जुलैचं पावसाळी अधिवेशन आणि डिसेंबरातलं नागपूरचं हिवाळी अधिवेशन यांत त्या मुख्यतः येतात. जुलै २०२४ मध्ये एकाच अधिवेशनात ९४ हजार कोटींहून अधिक रकमेच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. निवडणूक तोंडावर असताना घुसवलेली बरीचशी कामं याच वाटेनं येतात, आणि त्यांच्यापुढे बहुतेकदा नाममात्र तरतूद असते.

राज्याच्या तिजोरीचं चित्रही डोक्यात हवं. मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पात महसुली तूट (नेहमीच्या खर्चाला उत्पन्न कमी पडतं ती) ४५,८९१ कोटी आणि राजकोषीय तूट (कर्जातून भागवायची एकूण तूट) १,३६,२३५ कोटी दाखवली होती. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच महसुलाचा निम्म्याहून मोठा भाग जातो. त्याच वर्षी लाडकी बहीण योजनेला ३६,००० कोटी ठेवले. २०२४ च्या निवडणुकीत महायुतीनं १,५०० चे २,१०० रुपये करण्याचं आणि महाविकास आघाडीनं ३,००० रुपयांचं आश्वासन दिलं होतं. हिशेब सोपा आहे. महिन्याला ६०० रुपये वाढले तर दर १ कोटी लाभार्थी महिलांमागे वर्षाला ७,२०० कोटी लागतात. १,५०० वाढले तर १८,००० कोटी. ही रक्कम बाईच्या हातात थेट जाते, तिचं मोल मी कमी लेखत नाही. पण उमेदवारानं पैशाचा उगम सांगितला पाहिजे. जीएसटी आल्यापासून राज्याच्या स्वतःच्या हातात राहिलेले मोठे कर मोजकेच: पेट्रोल-डिझेल आणि मद्यावरचा व्हॅट, उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क. व्यवसाय कराला घटनेनंच वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. यातलं काय वाढवणार, कोणता खर्च कमी करणार की कर्ज काढणार? निवडणूक आयोगाच्या आदर्श आचारसंहितेतही पक्षांना सांगितलं आहे, की जाहीरनाम्यातल्या आश्वासनांसाठी पैसा कसा उभा करणार ते ढोबळ तरी सांगा. त्यामुळे हा प्रश्न विचारणं आगाऊपणाचं अजिबात नाही.

आता रुग्णालय. हे वाक्य मला चारांत सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण ते होऊ शकतं आणि अर्धवट झालं तर सर्वांत वाईट रीतीनं बिघडतं.

३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाचं उपजिल्हा रुग्णालय होणं, याला आरोग्य खात्यात श्रेणीवर्धन म्हणतात. प्रस्ताव जिल्हा शल्यचिकित्सकांकडून उपसंचालकांकडे, तिथून संचालनालयात, मग मंत्रालयात सार्वजनिक आरोग्य विभागाकडे जातो. लोकसंख्या, जवळच्या दुसऱ्या रुग्णालयाचं अंतर, बाह्यरुग्ण आणि आंतररुग्णांचे आकडे, प्रसूतींची संख्या, जागेचा सातबारा हे सगळं लागतं. वित्त विभागाची संमती मिळाली की शासन निर्णय निघतो. लोक इथं फटाके वाजवतात. खरं काम याच्यापुढे आहे: सार्वजनिक बांधकाम विभागाचं अंदाजपत्रक, बांधकामाची प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. आणि याला समांतर, वेगळ्या फाइलवर पदनिर्मिती. ही दुसरी फाइल मागे राहिली की गावाला रंग दिलेली, कुलूप लावलेली इमारत मिळते.

पदं किती लागतात याचा अंदाज असा घ्या. रुग्णालयात एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर आठवड्याला २१ पाळ्या होतात. एक परिचारिका आठवड्याला ६ पाळ्या करते. म्हणजे साडेतीन माणसं, आणि रजा, बाळंतपणाची सुट्टी, प्रशिक्षण धरलं की किमान चार. प्रसूती कक्षात दोन, दोन वॉर्डांत दोन-दोन, अपघात विभागात एक, शस्त्रक्रियागृहाशी एक अशा आठ जागा धरल्या तर नुसत्या परिचारिकाच ३२ झाल्या. सफाई कामगार, तंत्रज्ञ, औषधनिर्माता, वाहनचालक यांचा हिशेब याच पद्धतीनं. हा खर्च दर महिन्याला, कायमचा. बांधकाम एकदाच होतं. नव्या पदांचा पगार पुढची तीस वर्षं जातो, म्हणून वित्त विभाग इमारतीला लवकर हो म्हणतो आणि पदांना नाही.

पदं मंजूर झाली तरी तज्ज्ञ येतीलच असं नाही. तालुक्यात सिझेरियन होण्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्तसाठवण केंद्र तिन्ही एकाच वेळी हजर असावे लागतात, आणि बाळासाठी बालरोगतज्ज्ञ जवळ हवा. तिघांपैकी एक नसला तर उरलेल्यांचा उपयोग होत नाही आणि रात्री दोन वाजता बाईला जिल्ह्याच्या गावी पाठवावं लागतं. खेड्यात सर्वांत दुर्मीळ भूलतज्ज्ञ. म्हणून उमेदवाराला खाटांऐवजी याच माणसाबद्दल विचारा: आपल्या रुग्णालयात भूलतज्ज्ञाचं पद मंजूर आहे का, भरलेलं आहे का, नसेल तर बंधपत्रित (शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवा करायचं लिहून दिलेला) डॉक्टर किंवा बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञाला दर केसमागे मानधन देण्याची सोय करणार का? नेमणूक झाली तर त्याला राहायला निवासस्थान आहे का? निवासस्थानाच्या दुरुस्तीसाठी जिल्हा योजनेतून पैसे मिळू शकतात आणि ते काम आमदाराच्या पाठपुराव्यानं सहा महिन्यांत होऊ शकतं. एखादा उमेदवार १०० खाटांऐवजी 'पहिल्या वर्षात भूलतज्ज्ञ आणि रक्तसाठवण' एवढंच म्हणाला, तर मी त्याचं वाक्य जास्त गंभीरपणे घेईन.

३० वरून थेट १०० खाटा, की आधी ५०, हे तुमच्या तालुक्यावर अवलंबून आहे. जिल्हा रुग्णालय ३० किलोमीटरवर आणि रस्ता चांगला असेल तर ५० खाटा पण पूर्ण तज्ज्ञ, हे जास्त उपयोगाचं. गडचिरोली, नंदुरबार किंवा मेळघाटासारखं अंतर आणि घाटरस्ते असतील तर हिशेब बदलतो.

आरोग्यात आणखी एक गल्लत नेहमी होते. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, वैद्यकीय महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. 'आरोग्य सुधारू' म्हणणाऱ्या उमेदवाराला यातलं कुठलं, हे विचारलंच पाहिजे. मैदानी भागात ३०,००० आणि आदिवासी-डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे. तुमच्या तालुक्याची लोकसंख्या घेऊन हा भागाकार घरी करता येतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं विमासंरक्षण कुटुंबामागे दीड लाखावरून ५ लाख करण्याचा निर्णय २०२३ चा. पण तालुक्यात योजनेशी संलग्न रुग्णालयच नसेल तर ५ लाख काय, २५ लाखांचं कार्डही कपाटातच राहील. केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं राज्यांना अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक खर्च आरोग्यावर करायला सांगितलं होतं, तेही २०२० पर्यंत. महाराष्ट्र त्यापासून बराच मागे आहे. या विषयावर सभागृहात कोणता आमदार किती वेळा बोलला, हे विधानमंडळाच्या कामकाजात शोधता येतं.

नदीचं वाक्य तिसऱ्या खणाच्या जवळचं आहे, तरी पूर्ण तिथलं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशात नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे मोजले गेले. त्यातले ५५ महाराष्ट्रात, सर्व राज्यांत सर्वाधिक. पाण्यातली जैविक प्राणवायूची मागणी, म्हणजे बीओडी, लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर गेली की पट्टा प्रदूषित धरतात. आता तुमच्या नदीत घाण येते कुठून, हे आधी ठरवावं लागेल. गावं आणि शहरांचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, शेतातून वाहून येणारी खतं: तिन्हींचा धनी वेगळा.

शहराचं उदाहरण घेऊ. नगरपरिषदेची लोकसंख्या ५०,०००. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर पाण्याचा निकष धरला तर रोजचं पाणी ६७.५ लाख लिटर. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे ५४ लाख लिटर, मापाच्या भाषेत ५.४ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर). वीस वर्षांची वाढ धरून ८ एमएलडीचं केंद्र बांधतात. केंद्राच्या अमृत किंवा राज्याच्या नगरोत्थान योजनेतून पैसे येतात, केंद्र उभं राहतं. मग दोन गोष्टी बिघडतात. एक, घराघरांतली गटारजोडणी झालेली नसते. पाणी जुन्या उघड्या नाल्यातून नदीकडेच जातं आणि केंद्रात पाव भागही पोहोचत नाही. दोन, पंप आणि हवा मारणारे ब्लोअर यांचं वीजबिल नगरपरिषदेला झेपत नाही, म्हणून ते रात्री बंद ठेवले जातात. ब्लोअर बंद राहिले की टाकीतले जिवाणू मरतात आणि दुसऱ्या दिवशी चालू केलं तरी पाणी स्वच्छ व्हायला बरेच दिवस लागतात. तर उमेदवाराला विचारा: केंद्र चालवायचा वर्षाचा खर्च कोण उचलणार, आणि किती घरं गटाराला जोडलेली आहेत? पहिल्या प्रश्नाचं उत्तर नगरपरिषदेच्या अर्थसंकल्पात सापडतं. हा खर्च पेलण्यासाठी राज्यानं नगरपरिषदांना वेगळं अनुदान द्यावं ही मागणी मात्र आमदाराची, आणि ती त्यानं सभागृहात लावून धरावी.

कारखान्यांचं निराळं. संमतीपत्र देण्याचा आणि रद्द करण्याचा अधिकार १९७४ च्या जल कायद्याखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. आमदार कारखाना बंद करू शकत नाही. पण तो तारांकित प्रश्नात (ज्याचं मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) पाण्याच्या नमुन्यांचे निकाल मागू शकतो, लक्षवेधी सूचना लावू शकतो, मंत्र्यानं सभागृहात कबूल केलेली कारवाई झाली का हे आश्वासन समितीकडून तपासून घेऊ शकतो. पंचगंगेत मासे मेल्याच्या बातम्या येतात तेव्हा नदीत पाणी कमी असतं किंवा पहिल्या पावसाच्या आडून साठवलेलं सांडपाणी सोडलेलं असतं. म्हणजे नमुने घ्यायचे ते याच दिवसांत. भर पावसाळ्यात घेतलेला नमुना स्वच्छच येणार. उमेदवार स्वतः साखर कारखान्याचा किंवा डिस्टिलरीचा संचालक असेल तर हा प्रश्न त्याला समोरासमोर विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

पूररेषेबद्दलही विचारा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'रेषा बदलून घेऊ' असं आश्वासन देणारे उमेदवार बऱ्याच नदीकाठी भेटतात. कागदावरची रेषा हलली तरी पाणी येतं तिथंच येतं.

सह्याद्रीच्या पट्ट्यातले मतदारसंघ असतील तर पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा मुद्दा येईलच. केंद्राची सहावी मसुदा अधिसूचना ३१ जुलै २०२४ ची. महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र तिच्यात आहे. 'शेती बंद होईल, घर बांधता येणार नाही' असं सभेत सांगितलं जातं, ते मसुद्यात नाही. बंदी आहे ती नव्या खाणी, दगडखाणी, वाळू उपसा, औष्णिक वीज प्रकल्प, लाल गटातले (सर्वाधिक प्रदूषण करणारे) उद्योग आणि २०,००० चौरस मीटरच्या वरचे बांधकाम प्रकल्प यांवर. अंतिम निर्णय केंद्राचा, राज्य फक्त म्हणणं मांडतं. उमेदवार विरोधात असो की बाजूनं, त्यानं मसुदा वाचलाय का, हे दोन मिनिटांत कळतं.

शाळांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण सूत्र तेच आहे. शाळा बंद होते ती सहसा आदेशानं नाही. शिक्षक कमी होत गेल्यानं पालक मुलं काढतात आणि पट शून्यावर जातो. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. दरवर्षी संचमान्यता होते आणि तिच्यावर पदं ठरतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं संचमान्यतेचे निकष बदलले आणि कमी पटाच्या वरच्या वर्गांवरून मोठा वाद झाला. म्हणून 'शाळा वाचवू' म्हणणाऱ्याला असं विचारा: या शासन निर्णयावर तुमची भूमिका काय? दोन शिक्षकी शाळेतला एक शिक्षक निवृत्त झाला तर पवित्र पोर्टलमधून (शिक्षकभरतीच्या सरकारी संकेतस्थळावरून) नवा येईपर्यंत वर्ग कोण घेणार? समूह शाळा (आसपासच्या लहान शाळा मिळून एक) तुम्हाला मान्य आहे का, आणि असेल तर वाहनाचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, पावसाळ्यात ओढा भरला तर मूल जाणार कसं? कायद्याखालच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर अंतराचा निकष आहे. वाडी-वस्तीवर, कोकणात किंवा सातपुड्यात समूह शाळेचं उत्तर वेगळं येईल, ऊसपट्ट्यातल्या सलग गावांत वेगळं. वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, कुंपण ही कामं आमदार निधीतून होतात. शिक्षक त्यातून येत नाही.

शिक्षणहक्क कायद्यानं खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांचंही विचारा. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यानं नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून १ किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना त्यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. या मुलांच्या फीची शाळांना थकलेली प्रतिपूर्ती देणं हे राज्य शासनाचं काम, आणि आमदारानं त्यासाठी भांडावं.

शेवटचा भाग सभेतल्या विचारण्याचा. सगळे प्रश्न घेऊन उभं राहू नका, वेळ मिळत नाही. एक विषय निवडा, त्याच्याच आत तीन प्रश्न लागोपाठ विचारा: हे कोणत्या खात्याचं, यंदा त्याला तरतूद किती, आणि पुढचा दरमहाचा खर्च कोण देणार. उमेदवार नवखा असेल तर 'माहिती घेऊन सांगतो' हे उत्तर वाईट नाही, तारीख मागा. विद्यमान आमदारच उमेदवार असेल तर मोजमाप सोपं आहे. १० रुपयांचं शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांकडे करा आणि त्यांच्या निधीतल्या पाच वर्षांच्या कामांची यादी मागा: कामाचं नाव, प्रशासकीय मान्यतेची रक्कम, प्रत्यक्ष खर्च, पूर्णत्वाचा दाखला आहे की नाही. रुग्णालयासाठी दुसरा अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, मंजूर पदं आणि भरलेली पदं, पदनामासह. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, म्हणून आचारसंहितेची वाट न बघता अर्ज आत्ताच टाका.